डोळा बदलावा की डबा?

लग्नसराईतली संध्याकाळ. आटपाडी तालुक्यातल्या एका वाडीवर हळद लागतेय. मांडवात दोन पिवळे बल्ब आणि एक ट्यूबलाइट, एवढाच उजेड. नवरीचे दोन चुलतभाऊ कॅमेरे घेऊन उभे आहेत. थोरल्याच्या कॅमेऱ्याची बॉडी आठ वर्षांची. तिच्या मुठीचं रबर सुटलं होतं, ते त्याने घरीच चिकटवलंय. पुढे लावलेली लेन्स ५० मिलिमीटरची, तळहातात मावेल एवढी. धाकट्याने यंदा डाळिंबाचे पैसे हातात आल्या आल्या नवी कोरी बॉडी घेतली. पुढे लेन्स मात्र खोक्यात सोबत आली तीच, १८ ते ५५ मिलिमीटरची.

दुसऱ्या दिवशी दोघांचे फोटो एकाच लॅपटॉपवर उघडले. धाकट्याच्या फोटोंत सगळीकडे रवा पेरल्यासारखे ठिपके, आणि हळद लावणारा हात प्रत्येक फोटोत हललेला. थोरल्याच्या फोटोत नवरीच्या गालावरची ओली हळद, तिला चिकटलेला एक केस, कानातल्या डुलाची चमक, सगळं स्वच्छ. धाकटा हिरमुसून म्हणतो, "दादा, तुझ्या या जुन्या डबड्यात असं काय आहे?"

हे दोघे भाऊ काल्पनिक आहेत. पण आटपाडीपासून विट्यापर्यंत कुठल्याही फोटो स्टुडिओत जा, ते भेटतीलच. आणि त्यांचा प्रश्नही ठरलेला: हातात पैसे आलेत, तर बॉडी बदलू की लेन्स घेऊ? उत्तर द्यायचं तर आधी डोळ्यातून, म्हणजे लेन्समधून, डब्यात, म्हणजे बॉडीत, उजेडाचा प्रवास कसा होतो, ते बघायला हवं.

दोघांची कामं वेगळी

कॅमेऱ्यात लेन्सचं काम दोन प्रकारचं. बाहेरचा उजेड गोळा करायचा आणि तो नीट वळवून एका पातळीवर आणायचा. बॉडीचं काम त्यानंतर सुरू होतं. तिच्या पोटात सेन्सर असतो, म्हणजे उजेड टिपणाऱ्या कोट्यवधी बारीक खणांची पाटी. तो उजेड मोजतो, बॉडीतला छोटा संगणक त्याचं चित्र बनवतो आणि ते कार्डावर साठवतो. फोकस कुठे हवा आणि शटर किती वेळ उघडं ठेवायचं, याचा हिशेबही बॉडीच करते.

म्हणजे लेन्सने जो उजेड आत आणलाच नाही, तो बॉडी कुठून आणणार? उलट लेन्सने कितीही चांगलं चित्र आणलं, तरी बॉडीने भलत्याच जागी फोकस धरला तर सगळं मुसळ केरात. दोघांची चूक वेगळी, त्यावरचा उपायही वेगळा. खरेदीतली निम्मी फसगत होते ती ही चूक ओळखता न आल्यामुळे.

पाइप किती इंची?

टेंभू योजनेने कऱ्हाडजवळ कृष्णेतून उचललेलं पाणी टप्प्याटप्प्याने आटपाडीपर्यंत येतं. पण कालवा भरून वाहत असला तरी आपल्या रानात तासाला किती पाणी पडणार, हे पाइपच्या तोंडावर ठरतं. एक इंची पाइपच्या जागी दोन इंची टाकला तर तोंडाचं क्षेत्रफळ दुप्पट नव्हे, चौपट होतं. हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही.

लेन्सच्या आत असंच एक तोंड असतं. त्याला अपर्चर म्हणतात. त्याचं माप 'एफ' आकड्यात लिहितात आणि तिथेच नवखा गोंधळतो, कारण आकडा लहान तर तोंड मोठं. गणित सोपं आहे. लेन्सची लांबी, म्हणजे तिच्यावर लिहिलेले मिलिमीटर, त्या आकड्याने भागायचे. थोरल्याची लेन्स ५० मिलिमीटर, एफ/१.८. पन्नास भागिले १.८ म्हणजे जवळपास २८ मिलिमीटर. आपलं दहा रुपयांचं नाणं साधारण एवढंच असतं. धाकट्याची झूम लेन्स पन्नासच्या आसपास नेली की तिचं तोंड एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. पन्नास भागिले ५.६ म्हणजे नऊ मिलिमीटर. वाटाण्याचा दाणा!

दहाचं नाणं आणि वाटाणा. दोन्ही तोंडांच्या क्षेत्रफळात जवळपास साडेनऊ-दहा पटींचा फरक पडतो. हळदीच्या मांडवात धाकट्याच्या कॅमेऱ्याला जेवढा उजेड मिळाला, त्याच्या दहापट थोरल्याला मिळाला. आता या दहापटीचं काय करायचं, ते थोरल्याच्या हातात होतं. धाकट्याच्या कॅमेऱ्याने शटर सेकंदाच्या साठाव्या भागाएवढं उघडं ठेवलं आणि आयएसओ ६४०० वर नेला. तेवढ्या वेळात हळद लावणारा हात सरकला आणि फोटो हलला. थोरल्याने शटर सेकंदाच्या २५० व्या भागावर आणलं, म्हणजे हात जागच्या जागी थांबला; आणि तरीही त्याचा आयएसओ पावणेतीन हजारांच्या आसपासच राहिला.

आयएसओ म्हणजे काय? भजनात कुणी माइकपासून लांब बसून हळू आवाजात गायला लागला की साउंडवाला आवाज वाढवतो. गाणं ऐकू येतं, पण खरखरही वाढते. आयएसओ वाढवणं म्हणजे तेच. त्याने उजेड वाढत नाही. आलेला तुटपुंजा उजेड फुगवून दाखवला जातो, खरखरीसकट.

फोटोत रवा कुठून येतो?

फोटोतल्या या खरखरीला फोटोग्राफर 'नॉइज' किंवा 'ग्रेन' म्हणतात. ती वाईट सेन्सरमुळे येते, असा सर्वसाधारण समज आहे. कमी उजेडात मात्र तिचं मोठं कारण खुद्द उजेडातच असतं.

अंगणात शंभर वाट्या मांडून ठेवा. आपल्याकडचा पाऊस पडतो तसा, नावाला दोन शिंतोडे पडून गेला. वाटीमागे सरासरी नऊ थेंब पडले असं धरू. पण प्रत्येक वाटीत मोजून नऊ पडणार नाहीत. कुठे सहा, कुठे बारा. एकीत दुसरीच्या दुप्पट! आता धुवाधार वळीव आला आणि वाटीमागे ९०० थेंब पडले. तरी वाट्या अगदी सारख्या भरणार नाहीत, पण फरक साधारण तीसेक थेंबांचा राहील. नऊशेत तीस म्हणजे फक्त तीन टक्के. बघणाऱ्याला सगळ्या वाट्या सारख्याच दिसतील.

उजेडही असाच कणाकणांनी पडतो. सेन्सरचा एकेक खण म्हणजे एकेक वाटी. उजेड कमी असला की शेजारशेजारच्या खणांत कमी-जास्त कण पडतात आणि एकसारख्या पिवळ्या गालावर गडद-फिके ठिपके उमटतात. यात सेन्सर निर्दोष असला तरी ठिपके येणारच, कारण शिंतोडे पडलेत आणि वळीव पडलेला नाही. यावर खरा इलाज एकच: जास्त उजेड. तो मोठ्या तोंडाच्या लेन्सने येतो, शटर जास्त वेळ उघडं ठेवून येतो, नाहीतर सरळ एक दिवा लावून येतो.

मग मोठ्या सेन्सरची बॉडी घेतली तर? त्याने फरक पडतो, हे खरं. धाकट्याचा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा. याला 'क्रॉप बॉडी' म्हणतात. 'फुल फ्रेम' बॉडीत तो ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. क्षेत्रफळ सव्वादोन-अडीच पट. पाऊस तोच, पण शेततळं मोठं, म्हणून एकूण पाणी जास्त. तेव्हा तोलून बघा: मोठ्या सेन्सरने उजेड अडीच पटीपर्यंत वाढतो आणि बॉडी लाखाच्या घरात जाते, मोठ्या तोंडाच्या छोट्या लेन्सने तो जवळपास दहापट वाढतो आणि कंपनीप्रमाणे खर्च साधारण दहा-वीस हजारांत भागतो.

त्या अडीच पटीतही एक गंमत आहे. मोठ्या सेन्सरवर तेवढंच दृश्य बसवायचं तर ५० च्या जागी ७५ मिलिमीटरची लेन्स लागते. ७५ भागिले ५.६ केलं की तोंड १३ मिलिमीटरच्या वर जातं. म्हणजे श्रेय बॉडीला मिळालं, पण जादा उजेड आला तो शेवटी लेन्सच्या मोठ्या तोंडातूनच.

'पैसा काचेत घाला' हा सल्ला कुठला?

जुने फोटोग्राफर हमखास सांगतात, "बॉडी येते नि जाते, पैसा काचेत घाल." या सल्ल्याचा जन्म फिल्मच्या काळातला आहे.

आटपाडीच्या मातीशी नातं असलेला एक सिनेमा आठवा, 'दो आँखें बारह हाथ'. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला औंध संस्थानाच्या काळात, १९३९ मध्ये, कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. त्या प्रयोगावरून याच तालुक्यातल्या शेटफळ्याच्या ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ती पडद्यावर आणली. पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात या सिनेमाला रौप्य अस्वल मिळालं. त्या काळच्या कॅमेऱ्यात सेन्सर नव्हता. 'कॅमेरा' या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थच 'खोली'. बॉडी म्हणजे खरोखरच एक अंधारी खोली होती, जिच्यात फिल्म सरकायची आणि ठरल्या वेळी शटर उघडायचं. चित्र टिपायची ती फिल्म, आणि ती दुकानातून कुणीही आणू शके. महागड्या बॉडीत आणि स्वस्त बॉडीत तोच रोल भरला, पुढे तीच लेन्स लावली, तर फोटोत फरक पडण्याचं कारणच नव्हतं. म्हणून पैसा काचेत घालणं शंभर टक्के शहाणपणाचं होतं.

डिजिटल आलं आणि फिल्मची जागा घेणारा सेन्सर बॉडीतच कायमचा बसला. १९९९ मधल्या निकॉन डी१ मध्ये पावणेतीन मेगापिक्सेलही धड नव्हते. २०१२ मधल्या डी८०० मध्ये ३६ होते. त्या बारा-तेरा वर्षांत दर नवी बॉडी आधीच्या बॉडीला मागे टाकत होती. तेव्हा 'बॉडी बदल' म्हणणारा चुकत नव्हता.

आता ती चढण बरीच सपाट झाली आहे. आजचे सेन्सर त्यांच्यावर पडलेल्या उजेडातला साधारण निम्मा किंवा त्याहूनही जास्त टिपतात. सगळाच्या सगळा उजेड टिपणारा सेन्सर उद्या आला, तरी फायदा फार तर दुपटीचा. म्हणून आठ वर्षांच्या आणि नव्या बॉडीत, सेन्सर एकाच आकाराचा असेल तर, चित्राच्या प्रतीत फार अंतर पडत नाही. फिल्मच्या काळातला सल्ला मध्यंतरी जुना झाला होता. तो आता बराचसा परत लागू पडतोय. बराचसा म्हटलं, पूर्ण नव्हे. राहिलेला भाग पुढे येतोच.

मेंढ्याचं नाक

लेन्स बदलली की उजेडाबरोबर नजरही बदलते. आटपाडीत उत्तरेश्वराच्या कार्तिकी यात्रेत शेळ्या-मेंढ्यांचा बाजार भरतो, तिथलं उदाहरण घेऊ. माडग्याळ जातीच्या मेंढ्याची किंमत ठरते त्याच्या नाकावर: पोपटाच्या चोचीसारखं बाकदार, उंच. २०२० मध्ये याच तालुक्यातल्या एका मेंढ्याला ७० लाखांची मागणी आल्याची बातमी देशभर गाजली होती. अशा जनावराचा फोटो चुकला तर मालक ऐकून घेईल का?

धाकट्याने लेन्स १८ मिलिमीटरवर ठेवली. अख्खं डोकं भरून यावं म्हणून तो मेंढ्याच्या नाकापासून दोन फुटांवर, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटरवर जाऊन उभा राहिला. मेंढ्याचे कान नाकाच्या मागे पंचवीसेक सेंटिमीटर, म्हणजे कॅमेऱ्यापासून ८५ सेंटिमीटरवर. जवळची गोष्ट मोठी दिसते. ८५ ला ६० ने भागा: नाक कानांच्या मानाने ४० टक्क्यांनी मोठं दिसणार, आणि कान मागे पळाल्यासारखे. त्या बाकाचा पार भोपळा झाला. थोरल्याने नाकापासून तीन मीटरवर उभं राहून लांब पल्ल्याची लेन्स लावली. आता नाक ३०० वर, कान ३२५ वर. फरक फक्त आठ टक्के. नाकाचा बाक जसा आहे तसा दिसला.

इथे नीट लक्षात घ्या: आकार बिघडवला तो लेन्सने नव्हे, उभं राहण्याच्या अंतराने. पण कुठे उभं राहून काय चौकटीत मावेल, हे लेन्स ठरवते. नवरीचा चेहरा असो की मेंढ्याचं नाक, नियम एकच. पाच-सहा फुटांपेक्षा जवळून चेहरा टिपू नये, आणि त्यासाठी लेन्स थोडी लांब हवी. क्रॉप बॉडीवर ५० मिलिमीटरची लेन्स ७५ सारखी वागते, म्हणून ती चेहऱ्यासाठी छान. पण वाडीवरच्या घरातल्या दहा बाय दहाच्या खोलीत देवक बसवताना तीच लेन्स घेऊन तुम्ही भिंतीला पाठ टेकवाल आणि तरी माणसं मावणार नाहीत. तिथे ३५ किंवा त्याहून कमी हवी. कोणती लेन्स घ्यायची, हे तुम्ही सर्वांत जास्त कशाचे फोटो काढता यावर ठरतं.

मोठ्या तोंडाच्या लेन्सची एक खोडही सांगून ठेवतो. ५० मिलिमीटर लेन्स एफ/१.८ वर उघडून दोन मीटरवरच्या माणसाचा फोटो काढला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ११-१२ सेंटिमीटरचा, म्हणजे अर्धी वीत. नवरा-नवरी एका रेषेत नसतील तर एकाचा चेहरा धुरकट होणारच. जोडीच्या फोटोला तोंड थोडं बारीक करून एफ/४ च्या आसपास आणावं. गटाच्या फोटोला त्याहून बारीक.

मेगापिक्सेलचा मोह

दुकानात बॉडी विकली जाते ती आकड्यावर. २४ चे ४५ झाले, म्हणजे फोटो दुप्पट स्पष्ट? मेगापिक्सेल क्षेत्रफळ मोजतात. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० ठिपक्यांचा. ४५ चा साधारण ८२५६ बाय ५५०४ चा. रुंदीत वाढ ३७-३८ टक्के. आता गिऱ्हाईक तो फोटो कुठे बघणार? साध्या एचडी टीव्हीवर दोन मेगापिक्सेल मावतात, फोर-के टीव्हीवर आठ. छापायचा तर २४ मेगापिक्सेलचा फोटो २० बाय १३ इंचांपर्यंत उत्तम छपाईच्या दर्जाने निघतो. लग्नाच्या अल्बमच्या पानाला तेवढं पुरून उरतं.

शिवाय मऊ काच पुढे असेल तर जादा ठिपके त्या मऊपणाचीच बारकाईने नोंद करतात. धूसर चष्म्यातून मोठं वर्तमानपत्र वाचायला दिलं म्हणून अक्षर स्पष्ट होत नाही.

मग बॉडी कधी बदलायची?

आता राहिलेला भाग. काही दुखणी अशी आहेत की हजारो रुपयांची काच लावली तरी हटत नाहीत.

पहिलं, फोकस. जुन्या स्वस्त डीएसएलआरमध्ये, म्हणजे पोटात आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, फोकसचे नऊ किंवा अकराच बिंदू असतात, तेही मध्यभागी दाटलेले. नव्या मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या, बॉडीत ते जवळपास सगळ्या चौकटीभर पसरलेले असतात, आणि बॉडी माणसाचा डोळा ओळखून धरते. वरातीत नाचणारी पोरं, धावतं लेकरू, मायणीच्या तलावावर उतरणारे रोहित पक्षी. तुमचं काम यात असेल आणि शंभरातले चाळीस फोटो फोकस चुकल्याने फेकावे लागत असतील, तर बॉडी बदलण्यासारखी आहे. थोरल्याच्या अर्धी वीतच स्पष्ट दाखवणाऱ्या लेन्सला तर चांगला फोकस करणारी बॉडी मिळाली की दुधात साखरच.

दुसरं, कार्डाच्या दोन खाचा. लग्न पुन्हा लागत नाही. एकाच कार्डावर सगळं लग्न टिपलं आणि कार्ड बिघडलं, तर मुलीच्या बापासमोर कुठल्या तोंडाने उभं राहणार? जी बॉडी एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो लिहिते, तिच्यासाठी पैसे मोजणं चैन नव्हे.

तिसरं, एलईडीचा त्रास. कार्यालयांत, मिरवणुकीच्या गाड्यांवर सगळीकडे एलईडी आलेत. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही. पण आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं की फोटोवर आडवे पट्टे उमटतात. याचा बंदोबस्त बॉडीतच असावा लागतो. व्हिडिओचं बरंचसं कामही बॉडीवर अवलंबून.

चौथं, हलणारा हात. काही बॉडींमध्ये सेन्सर तरंगता असतो आणि तुमच्या हाताची थरथर पचवतो. देवळाच्या गाभाऱ्यात हे वरदान आहे. पण त्याने तुमचा हात स्थिर होतो, समोरच्याचा नाही. हळद लावणारी आत्या हलली तर ती हललेलीच दिसणार.

सांधा जुळतोय का?

बॉडी आणि लेन्स जिथे जोडतात त्या कड्याला माउंट म्हणतात. इथे गफलत झाली की दोन्हीकडचे पैसे जातात.

डीएसएलआरच्या पोटात आरसा असतो, त्याला जागा लागते. म्हणून लेन्सचं कडं सेन्सरपासून लांब: कॅननच्या ईएफ माउंटमध्ये ४४ मिलिमीटर, निकॉनच्या एफ माउंटमध्ये ४६.५. मिररलेसमध्ये आरसाच नाही, म्हणून अंतर कमी: कॅनन आरएफमध्ये २०, निकॉन झेडमध्ये १६, सोनी ई मध्ये १८. जुनी लेन्स नव्या बॉडीवर लावायची तर मधलं उरलेलं अंतर अडॅप्टरच्या पोकळ कड्याने भरून काढता येतं. १९८७ मध्ये आलेल्या ईएफ मालिकेच्या लेन्स आजच्या आरएफ बॉडीवर अडॅप्टरने चालतात, फोकससकट. उलटं मात्र जमत नाही. २० मिलिमीटरवर बसायला बनवलेली लेन्स ४४ वर कशी आणणार? विहिरीत उतरायला शिडी लांब करता येते, खोल विहीर उथळ करता येत नाही.

'लेन्स जन्मभर पुरते' या म्हणण्याला २०१८ पासून थोडी मुरड घालावी लागते. त्या वर्षी निकॉन आणि कॅनन दोघांनीही फुल फ्रेम मिररलेससाठी नवी माउंट आणली. तेव्हा आज डीएसएलआर असेल आणि दोन-तीन वर्षांत मिररलेसकडे जायचं पक्कं असेल, तर महागडी लेन्स घेण्याआधी ती अडॅप्टरवर नीट चालेल का, हे बघा. निकॉनच्या काही जुन्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते. त्या बॉडीतल्या मोटरवर चालतात. स्वस्त बॉडीत आणि साध्या अडॅप्टरमध्ये ती नसते, म्हणजे फोकस हाताने करावा लागतो.

आणखी एक खड्डा: फुल फ्रेम बॉडीच्या नादात जुनी क्रॉप लेन्सच पुढे लावायची. क्रॉप लेन्सचं चित्र मोठ्या सेन्सरच्या कोपऱ्यांपर्यंत पोचत नाही. बॉडी मग कडा कापून टाकते आणि २४ मेगापिक्सेलमधले दहाच हाती उरतात. कॅननच्या क्रॉप लेन्स तर फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत. फुल फ्रेम घ्यायची तर लेन्सचेही पैसे त्याच हिशेबात धरा.

गुलालात लेन्स उघडू नका

खरसुंडीला सिद्धनाथाच्या चैत्री यात्रेत सासनकाठ्या नाचतात आणि गुलालाने आकाश लाल होतं. दोन लेन्स घेऊन गेलेला फोटोग्राफर तिथेच लेन्स बदलायला बॉडी उघडतो आणि गुलाल सरळ सेन्सरवर जाऊन बसतो. मग प्रत्येक फोटोत आभाळावर तोच डाग. यात्रेत एकच लेन्स ठरवून जावी, लावून ठेवावी, आणि बॉडी घरी आल्यावर उघडावी.

जुनी लेन्स विकत घेताना मोबाइलचा टॉर्च मागून आत मारून बघा. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी. लेन्स परत करा. एखाद-दुसरा धुळीचा कण दिसला तर घाबरू नका, फोटोत तो दिसत नाही. भाव करताना ध्यानात ठेवा: बॉडीची किंमत मोबाइलसारखी घसरते, चांगल्या लेन्सची हळू घसरते.

आधी निदान, मग औषध

खरेदीला निघण्यापूर्वी एक संध्याकाळ घरी बसा. गेल्या सहा महिन्यांतले फसलेले शंभर फोटो काढा आणि कागदावर रेघा मारत वाटून टाका.

थोडक्यात: फोटो कुठे फसतोय?

• रवाळ, ठिपकेदार, अंधारे: मोठ्या तोंडाची लेन्स (एफ/१.८ किंवा एफ/२.८), किंवा एक चांगला फ्लॅश.
• समोरचं माणूस हललेलं: शटर जलद करा, त्यासाठी उजेड हवा, म्हणून पुन्हा लेन्स किंवा फ्लॅश.
• सगळंच चित्र हललेलं: हात स्थिर करा, ट्रायपॉड वापरा, बॉडी किंवा लेन्समधली स्थिरता उपयोगी.
• नाक मोठं, चेहरा विचित्र: मागे सरका आणि लांब लेन्स लावा.
• फोकस भलतीकडे: आधी सेटिंग तपासा, तरी चुकत असेल तर बॉडी.
• आडवे पट्टे, कार्डाची भीती, व्हिडिओची गरज: बॉडी.
• फोटो स्पष्ट आहे पण कंटाळवाणा: दोन्हीही नको, उजेड बघायला शिका.

फ्लॅशचा उल्लेख मुद्दाम केला. बॉडी की लेन्स या वादात हा तिसरा गडी विसरला जातो. छताकडे वळवलेला साधा फ्लॅश अंधाऱ्या खोलीत इतका उजेड ओततो की खोक्यातली झूम लेन्सही शहाण्यासारखी वागू लागते. आणि मोठ्या लेन्सचा मोह अनावर झालाच, तर पुण्या-कोल्हापुरात लेन्स भाड्याने मिळतात. एका लग्नापुरती आणून बघा; ती वापरून दुखणं बरं झालं, तरच विकत घ्या.

धाकट्याचंच बघा. त्याच्या शंभर फसलेल्या फोटोंत बहुतेक रवाळ आणि हललेले निघतील. फोकस चुकलेले थोडे. त्याची बॉडी चांगली आहे, तिला पुढे चांगला डोळा हवा. थोरल्याचे रवाळ कमी, पण नाचणाऱ्या पोरांचे चुकलेले बरेच निघतील. त्याला आता डबा बदलायला हरकत नाही. एकाच घरातले दोन भाऊ, एकच प्रश्न, आणि उत्तरं उलटी.

तरीही कुणी एका वाक्यात निकाल मागितला, तर माझा निकाल असा: ज्याच्याकडे अजून खोक्यातलीच लेन्स आहे, त्याने आधी लेन्स घ्यावी. ज्याच्याकडे दोन चांगल्या लेन्स आहेत आणि फोटो फोकसमुळे फसतात, त्याने बॉडी घ्यावी. ज्याने शंभर फोटो अजून मोजलेच नाहीत, त्याने पैसे बँकेत ठेवावेत आणि आज रात्री लॅपटॉप उघडावा.